स्वरमंडलला पिकअप लावताय? आधी प्रीअँपचे पैसे बाजूला काढा

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर गाणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते, पेटी ऐकू येते, तबला तर नको तेवढा ऐकू येतो, पण मांडीवरचं स्वरमंडल तिसऱ्या रांगेतसुद्धा पोचत नाही. त्याच्यापुढे वेगळा माइक ठेवला की त्यात गाणाऱ्याचाच आवाज शिरतो, साउंडवाला भैया लेव्हल चढवतो आणि शिट्टी सुरू. म्हणून पिकअप, म्हणजे वाद्याची थरथर थेट पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारा छोटा भाग. इंदूरमध्ये हे सगळं घरच्या घरी जमण्यासारखं आहे, फक्त पैसे कुठे घालायचे ते आधी ठरवा, कारण बहुतेक जण महागडा पिकअप आणतात आणि मधे प्रीअँप (पिकअपचा अशक्त सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) न घालता तो सरळ मिक्सरमध्ये खुपसतात, मग आवाज पत्र्यासारखा आला की पिकअपला शिव्या.

प्रकार कुठला घ्यायचा यात फार डोकं लावू नका. गिटारचा मॅग्नेटिक पिकअप फक्त लोखंडी तारांवर चालतो आणि तो सहा तारांच्या रुंदीचा असतो, आपल्या तीसेक तारा त्याच्यावर मावणार कशा. परदेशातले हार्पवाले तर त्याच्या वाटेलाच जात नाहीत कारण त्यांच्या बऱ्याच तारा नायलॉनच्या किंवा आतड्याच्या, तिथे चुंबकाचा उपयोगच नाही. 47 तारांच्या पेडल हार्पलाही आतून साउंडबोर्डला, म्हणजे आवाज देणाऱ्या फळीला, पिएझो (थरथरीतून वीज बनवणाऱ्या) चकत्या चिकटवतात, आणि कामाकसारखी कंपनी तिच्या इलेक्ट्रिक हार्पला दर तारेला वेगळा पिएझो देते. आपल्याला एक किंवा दोन चकत्या पुरतात. रेकॉर्डिंगच करायचं असेल तर मात्र पिकअप विसरा, शांत खोलीत चांगला कंडेन्सर माइक लावा, तो गोडवा चकतीत येत नाही.

चकती म्हणजे पितळेची पातळ थाळी आणि वर पांढरट सिरॅमिकचा गोल. 27 मिलिमीटरची सगळीकडे मिळते, पण स्वरमंडल छोटं आणि फळी पातळ असेल तर 20 ची घ्या, उगाच वजन नको. जेल रोडला पार्टच्या दुकानात विचारा, वायर जोडलेलीच मागा, किरकोळ पैशात काम होतं.

आता मुद्द्याचं. 27 ची चकती इलेक्ट्रिकली साधारण 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. ती मिक्सरच्या 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की 800 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, म्हणजे तुमचा मंद्र आणि मध्य सप्तकाचा बराचसा भाग गेलाच, उरतो तो नुसता किणकिणाट. तीच चकती 1 मेगाओहमच्या इनपुटला जोडा, ही हद्द 8 हर्ट्झवर येते आणि खर्ज परत येतो. म्हणून पिएझो प्रीअँप किंवा 1 मेगाओहमचा अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जोडून देणारी डबी) घ्या, घेताना इनपुट इम्पीडन्स, म्हणजे हाच ओहमचा आकडा, वाचूनच घ्या. दुकानदार "सब में चलता है भिया" म्हणेल, ऐकू नका.

जागा शोधायला मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. चकती अजून पक्की करायची नाही, पातळ डबल टेपनं घोडीजवळ (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ) वरच्या फळीला लावा, हेडफोन घाला आणि खर्जापासून तार सापर्यंत सावकाश एकेक तार छेडत जा. घोडीला अगदी खेटून लावली तर आवाज टणक येतो, फार लांब नेली तर घुमतो आणि तारा एकमेकीत मिसळतात. बोटभर इकडेतिकडे सरकवलं तरी फरक कळतो, चार-पाच जागांवर पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी छेडायला लावून डोळे मिटून ऐका, कारण स्वतः छेडताना हात नकळत सांभाळून घेतो. मोठ्या तारा दणदणीत आणि बारीक तारा गायब असं झालं तर दुसरी चकती बारीक तारांच्या बाजूला लावा, लाल वायर लालला, काळी काळीला, आणि दोन्ही चकत्यांचं पितळच लाकडाकडे. एक उलटी लागली तर दोघी एकमेकींचा आवाज खातात.

पक्कं करताना त्या रुपयाएवढ्या जागेवरचं पॉलिश बारीक पॉलिश पेपरनं काढा, फेव्हिक्विकचा एकच थेंब, आणि दाबून धरा. जाड फोमचा टेप नको, वरचे स्वर तोच गिळतो. सोल्डर करायची वेळ आलीच तर सिरॅमिकवर सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदच टेकवा, जास्त तापलं की चकती मेली. जॅकपर्यंत शील्डेड वायरच वापरा, लाल टोक मधल्या तारेला, काळं वायरच्या बाहेरच्या जाळीला, नाहीतर मंडपातल्या लायटिंगची सगळी घरघर स्पीकरमध्ये येईल.

जॅकसाठी भोक पाडायचं की नाही? आजीच्या वेळचं वाद्य असेल तर अजिबात नाही, बाजूला चिकटणारी जॅकची डबी लावा. नवं असेल आणि वायर आतून न्यायची असेल तर जॅक आत बसवणं हीच खरी कसरत. आधी ड्रिलच्या भोकातून एक कडक तार आत सारून वरच्या फळीवरच्या साउंडहोलमधून बाहेर काढा, त्या तारेला जॅकचं तोंड अडकवा आणि हळूच उलटं ओढा, जॅक आपोआप भोकाशी येतो. ओढताना सोल्डरवर ताण येऊ देऊ नका. आणि भोक खुंट्यांच्या लाकडात पाडू नका, सगळा ताण तिथेच असतो.

स्टेजवर प्रीअँप गाणाऱ्याजवळच ठेवा, तिथपर्यंतची वायर आखूड, पुढे मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल. डीआयला मिक्सरकडून 48 व्होल्ट (फँटम पॉवर) लागत असतील तर साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा. मिक्सरवर 100 हर्ट्झच्या खालचं कापा, मांडीवरचे धक्के आणि बांगड्यांचा ठोका थोडा कमी होतो, आणि प्लास्टिकसारखी टणटण वाटली तर 2 ते 4 किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवा. रवींद्र नाट्यगृहासारख्या बंद हॉलमध्ये निभतं पण उघड्या मंडपात मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मोठा ठेवला तर न छेडलेल्या ताराही वाजू लागतात आणि शिट्टी येते, तेव्हा मॉनिटरमध्ये स्वरमंडल जवळजवळ बंदच ठेवा, तुमच्या मांडीवर आहे, तुम्हाला ऐकू येतंच. तरी शिट्टी आली तर डीआयवर फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण असेल तर ते उलटं करून बघा.

हो, आणि मे महिन्यात स्वरमंडल गाडीच्या डिक्कीत सोडू नका, टेपनं लावलेली चकती उन्हात हमखास सुटते.