चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना या चुका टाळा

रविवारच्या भक्तीत ऑर्गनवर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना मी आधी एकच विचारतो: गीत गाऊन पाहिलंस का? वाजवून बहुतेकांनी पाहिलेलं असतं. गाऊन पाहिलेलं नसतं, आणि पुढच्या निम्म्याअधिक चुका तिथूनच निघतात.

ऑर्गनला दम लागत नाही. पियानोचा सूर आपोआप विरतो, ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली की सूर तसाच चालू राहतो. मंडळीला मात्र ओळ संपली की श्वास घ्यावाच लागतो. वाजवणारा न थांबता पुढच्या ओळीत शिरला की मागच्या बाकावरच्या आजी पहिले दोन शब्द सोडून देतात आणि तिसऱ्यावर गाणं पकडतात. म्हणून ओठ हलवत, शब्द म्हणत वाजवा. ओळीच्या शेवटच्या सुरातून थोडा वेळ कापून घ्या, पण पुढच्या ओळीचा पहिला सूर ठरलेल्या मात्रेवरच येऊ द्या. काही कडव्यांत वाक्य ओळीबरोबर संपत नाही, पुढच्या ओळीत जातं. तिथे मोठी फट पाडली की अर्थच तुटतो. मी शनिवारी रात्री पाचही कडवी वाचून पेन्सिलीने खुणा करतो. पहिल्या कडव्याची खूण चौथ्याला चालत नाही.

दुसरी चूक गतीची. गीत कडव्यागणिक मंदावत जातं आणि वाजवणारा म्हणतो, मंडळीच ओढते. खरं तर तो मंडळीची वाट पाहत असतो. हिशेब करून बघा. मागची बाकं २५ मीटरवर असतील, तर ऑर्गनचा आवाज तिथवर जाऊन त्यांचा आवाज परत येईपर्यंत सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा जातो. मिनिटाला ९० मात्रांच्या गतीत हा उशीर जवळजवळ पाव मात्रेचा होतो. कानावर आलेल्या आवाजाशी जुळवून घेत राहिलात तर प्रत्येक ओळीला थोडे थोडे मागे पडत जाल. दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये तर हे फार लवकर होतं. गती पायात धरा आणि मंडळी किंचित मागून येते आहे हे मान्य करून पुढे चला. सुरुवातीची धूनही त्याच गतीत वाजवा. धून सावकाश वाजवून गीत झपकन उचललं तर लोक गोंधळणारच.

पट्टीची, म्हणजे गीत किती उंच सुरात धरायचं त्याची, चूक मी स्वतः केली आहे. भक्तीच्या अर्धा तास आधी कॉयरमधल्या मुलींचा सराव होता, त्यांच्यासाठी कीबोर्डचा ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली नेणारं बटण, तीन घरं वर नेला होता. बटण तसंच राहिलं. पहिलंच गीत वर चढलं, दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुष गप्प झाले आणि फक्त लहान मुलांचे आवाज उरले. मग मी त्याहून मोठी चूक केली: ओळीच्या मध्येच बटण दाबलं. सगळी मंडळी एकदम अडखळली. असं झालं तर ते कडवं पूर्ण होऊ द्या, थांबा, पट्टी बदला, शेवटची ओळ नव्या पट्टीत वाजवून दाखवा आणि मग पुढे जा. आता बाकावर बसलो की मी आधी तो आकडा शून्यावर आहे का ते बघतो. एरवीही पुस्तकात छापलेली पट्टी सकाळच्या आवाजांना बहुधा उंच पडते. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या (D) वर जात असेल तर पट्टी खाली घ्या.

आता मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट. आपल्या उपासनेत दोन तऱ्हेची गीतं आहेत. एक, पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. त्यांत चार आवाजांचं स्वरसंयोजन शोभतं. दुसरी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आणि त्यांच्या वाटेने इतरांनी लिहिलेली, अभंग-भजनाच्या अंगाची. भजनी ठेक्यातल्या अशा गीताखाली दर मात्रेला नवा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांचा गुच्छ, ठोकला की चाल जड होते आणि तबल्याला जागाच उरत नाही. तिथे उजव्या हाताने चाल धरा, डाव्या हाताने षड्ज-पंचम पुरे. चाल कमी पडेल अशी भीती वाटते, पण ती उघडी राहिली की लोक जास्त मोकळे गातात.

हात बसला की सजावटीचा मोह होतो, तो थोर जर्मन संगीतकार बाखलाही झाला होता. योहान सेबास्टियन बाख १७०३ साली, अठराव्या वर्षी, आर्नश्टाट गावात ऑर्गनिस्ट झाला. फेब्रुवारी १७०६ मध्ये तिथल्या धर्ममंडळाने त्याला बोलावून विचारलं, की गीतांत विचित्र फिरती आणि परके सूर घालून मंडळीचा गोंधळ का करतोस? आधी तो फार लांबण लावायचा. ते सांगितल्यावर लगेच फार थोडकं वाजवू लागला, हीही त्यांची तक्रार होती. तेव्हा कोणी टोकलं तर खट्टू होऊन दुसऱ्या टोकाला जाऊ नका. चार कडवी साधी वाजवा आणि शेवटच्या कडव्यात हवं ते करा. तोवर लोकांना चाल पक्की झालेली असते.

अजूनही काही ठिकाणी जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायचा ऑर्गन, आहे. पावसाळ्यात ती रुसते, तेव्हा आधी कारण ओळखा. पट्टी खालीच अडकली असेल तर लाकूड फुगलं आहे. हवा कोरडी झाली की बहुधा सुटते. पेटी उन्हात मात्र ठेवू नका, चिरते. पट्टी वर येऊनही सूर वाजत राहिला तर झडपेखाली कचरा आहे. एखादाच सूर मुका झाला तर रीडच्या, म्हणजे सूर देणाऱ्या पट्टीच्या, पितळी पातीत धूळ अडकली आहे. जोरात पायडल मारत ती पट्टी पटापट दाबून बघा. नाहीच सुटली तर आकड्याने रीड अलगद ओढून काढा आणि मऊ ब्रशने मुळाकडून टोकाकडे झाडा. पात वाकवायची नाही आणि तेलाचा थेंबही घालायचा नाही, तेलावर धूळ बसते. सगळेच सूर दुबळे झाले तर भात्याचं कापड बघा. उंदीर पायडलच्या फटीतून शिरतात, आठवडाभर ती फट झाकून ठेवा.

लग्न आणि दफनविधी या दोन प्रसंगी मोजून वाजवणारा फसतो. नवरी दारात दहा मिनिटं थांबते किंवा एका मिनिटात वेदीशी पोहोचते. त्यामुळे प्रत्येक रचना कुठे कुठे संपवता येते, याच्या दोन-तीन जागा आधीच ठरवून ठेवा. ऑर्गनिस्टची पाठ दाराकडे असते, म्हणून माझ्या पेटीवर दाढीचा छोटा आरसा टेकवलेला आहे. शवपेटी उचलली की मी त्या आरशाकडे बघत हलक्या स्टॉपवर (आवाजाचा पोत बदलणाऱ्या खुंटीवर) वाजवतो. खांदेकऱ्यांनी उंबरा ओलांडेपर्यंत सूर तोडू नका. आरशात दरवाजा रिकामा दिसला की पायपेटीवर हात तसेच ठेवून फक्त पाय थांबवा. भात्यातली हवा संपत जाते तसा सूर आपोआप बारीक होत जातो.