साथीचा माग कसा काढावा

एखाद्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढल्याचे कानावर आले, की ‘किती जण आजारी आहेत?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. वास्तविक त्याआधी रुग्ण कोणाला म्हणायचे हे ठरवावे लागते. ‘अमुक तारखेनंतर, अमुक भागात, चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झालेली व्यक्ती’ अशी व्याख्या लिहून काढावी आणि ती सर्वांना सारखीच लावावी. ती मध्येच सैल केल्यास साथ वाढली की आपली चाळणी मोठी झाली, हे कळेनासे होते.

त्यानंतर रुग्णसंख्येला छेद द्यावा, म्हणजे ती तेथील एकूण माणसांच्या प्रमाणात मांडावी. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीने थैमान घातले, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांना जवळच्याच एका अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात फक्त 5 मृत्यू आढळले. हा आकडा बोलू लागतो तो तिथे 535 माणसे राहत होती हे कळल्यावर, कारण हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरते. त्या आश्रयगृहाची स्वतःची विहीर होती; स्नो यांना ज्याचा संशय होता त्या रस्त्यावरच्या पंपाचे पाणी तेथील लोक आणत नव्हते. जिथे रोग पोहोचायला हवा होता पण पोहोचला नाही, अशी ठिकाणे मुद्दाम शोधावीत. माझ्या मते तपासाचा सर्वांत फलदायी भाग हाच असतो.

दर काढताना नवे रुग्ण आणि एकूण विद्यमान रुग्ण यांची गल्लत होऊ देऊ नये. एचआयव्हीवरील औषधांमुळे बाधित व्यक्ती दीर्घकाळ जगू लागल्या, की नवी लागण न वाढताही विद्यमान रुग्णांची संख्या वाढते. ती वाढ अपयशाची नसते.

आता आलेख काढावा. आडव्या अक्षावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख घ्यावी, नोंदणीची नव्हे. नाहीतर सुट्टीनंतर एकदम आलेले अहवालच साथीचे शिखर म्हणून दिसतात. सर्वांना एकाच वेळी एकाच स्रोतातून बाधा झाली असेल, तर आलेख झपाट्याने चढून ओसरतो आणि बहुतेक रुग्ण रोगाच्या एका अधिशयन काळात, म्हणजे बाधेपासून लक्षणांपर्यंतच्या अवधीत, सामावतात. माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या रोगात मात्र एकामागून एक लाटा दिसतात, आणि सुरुवातीला प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून मोठी असते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात, सरासरी 12 ते 18 जणांना बाधा देतो असे सामान्यतः मानले जाते. 15 धरल्यास साखळी तुटण्यासाठी 15 पैकी किमान 14 जण, म्हणजे सुमारे 93 टक्के लोक, सुरक्षित असावे लागतात.

स्रोताचा संशय आल्यावर तुलना करावी. समजा, सामूहिक भोजनाला 120 जण होते. एक विशिष्ट पदार्थ खाल्लेल्या 60 पैकी 36 आजारी पडले, न खाल्लेल्या 60 पैकी 4. दर अनुक्रमे 60 टक्के आणि सुमारे 6.7 टक्के, म्हणजे धोका नऊपट. ‘आजारी पडलेल्या बहुतेकांनी तो पदार्थ खाल्ला होता’ एवढ्यावर थांबल्यास फसगत होते, कारण सर्वांनीच खाल्लेला भातही मग तितकाच संशयित ठरतो. उरलेल्या चौघांनाही सोडू नये: त्यांना दुसऱ्या मार्गाने बाधा झाली, की काय खाल्ले हे आठवण्यात चूक झाली, हे विचारून घ्यावे.

उपाय केल्याची तारीखही आलेखावर खुणावी. पटकीची लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात, त्यामुळे स्रोत बंद केल्यावरही काही दिवस नवे रुग्ण येतात. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला, पण बरेच रहिवासी भाग सोडून गेल्यामुळे साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीच नमूद केले आहे.