हरभरा फुलावर येतोय, कोतवालाला बसायला काठी द्या

भावांनो, दिवाळीच्या आसपास ज्यांनी हरभरा टाकला त्यांचा आता कळी-फुलावर येतोय, आणि घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचा पतंग पण आलाच समजा. दरवर्षी या दिवसात सगळे आधी दुकानात औषध विचारायला जातात. त्याच्या आधी करायचं एक काम सांगतो, खर्च जवळपास नाही आणि एका सकाळीत होतं, शेतात पक्षी थांबे लावा.

बांधावरच्या तारेवर तो काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला असतो बघा, तो तिथनं झेप घेतो, किडा उचलतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. त्याची शिकार अशीच असते, बसून नजर ठेवायची. आता मधल्या वावरात त्याला टेकायलाच काही नाही, हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढं, त्याच्या भाराने वाकतं, मग तो आत येणार कसा, तो कडेकडेचंच खातो आणि मधे अळी मोकाट. वेडा राघू, नीलपंख म्हणजे आपला चास, यांचं पण थोडंफार असंच आहे. गायबगळा आणि साळुंकी तेवढे चालत चालत आत जातात.

थांबा म्हणजे काय तर इंग्रजी टी अक्षरासारखी काठी. बाभळीची वाळकी फांदी चालते, जाड तुऱ्हाटी चालते, बांबू असेल तर उत्तमच. पिकाच्या वर फूट-दीड फूट राहील अशी रोवा आणि आडवी काठी पक्की बांधा, हलली की पक्षी दुसऱ्यांदा बसत नाही. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात हेक्टरी २० असतात, मी एकरालाच पंधरा लावतो, कारण काठ्या घरच्याच आहेत. कोळपणी झाल्यावरच लावा नाहीतर उपटत बसावं लागतं. पुढच्या वर्षी पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, ती ताटं उंच वाढतात आणि तेच थांबे होतात. काही भागात सुरुवातीला चुरमुरे टाकून पक्ष्यांना आत यायची सवय लावतात, ते पण करून बघा.

उशीर मात्र करू नका. पतंग कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो, लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते म्हणून पानावर पांढुरके डाग दिसतात, तेव्हाच थांबे उभे पाहिजेत. एकदा घाटे धरले की अळी डोकं घाट्यात खुपसून अर्धी बाहेर लटकत खात असते, आणि एक अळी ३०-४० घाटे संपवते. तशी लटकलेली अळी कोतवालाला लांबून दिसते. मागच्या वर्षी मी सकाळी उन्हं आल्यावर अर्धा तास एकाच काठीकडे बघत बसलो होतो, तो उतरला, चोचीत हिरवी अळी, काठीवर आपटली दोन-तीनदा, गिळली, परत उतरला. त्या अर्ध्या तासात अकरा वेळा, मी मोजलं.

पक्षी आहेत म्हणून डोळे झाकून बसा असं मी म्हणत नाही. एकरी २ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे सापळे लावा, सलग ३ दिवस ८-१० पतंग सापडले किंवा ओळीच्या एका मीटरमधे १-२ अळ्या दिसल्या तर फवारावंच लागतं. पण आधी ५ टक्के निंबोळी अर्क, मग घाटेअळीचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही. हा संध्याकाळी मारायचा, कडक उन्हात त्याची ताकद जाते. चार-पाच दिवसांनी अळ्या शेंड्यावर उलट्या लटकून मरतात. ती रोगट अळी पक्ष्याने खाल्ली तर त्याला काही होत नाही, उलट त्याच्या विष्ठेतनं विषाणू पुढच्या झाडांवर पसरतो, म्हणजे पक्षीच फवारणी करतोय असं समजा. रासायनिक मारायचीच वेळ आली तर ज्या कोपऱ्यात अळी जास्त तिथंच मारा, आणि कॅन-पंप धुतलेलं पाणी बांधावरच्या डबक्यात ओतू नका हो, चिमण्या तिथंच पाणी पितात.

आता शाळूवाल्यांसाठी. ज्वारीत दाणा दुधात आला की थांबे काढून टाकायचे, तिथं ते उलटं पडतं. भोरड्या म्हणजे थव्याने येणारे दाणे खाणारे पक्षी, उतरल्या की काळ्या-गुलाबी ढगासारख्या येतात, राखण करणाऱ्याचं रडकुंडीला येणं मला माहितीये, मी पण माळ्यावर बसून गोफण फिरवलीये. पण रागाच्या भरात दाण्याला विष चोळून टाकणं सोडा. ते भोरडीच्या आधी तितर, होला, मोर खातात, आणि मोर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, केस होते. शिवाय हीच भोरडी टोळ खाणारी आहे, चीनच्या शिनजियांगमधे टोळ आटोक्यात रहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरटी करून देतात. नुकसान खरं होतं ते दूध अवस्थेच्या दोन-तीन आठवड्यात, आणि ते पण सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारनंतर, तेवढ्या वेळेला माणूस उभा करा, चकाकणारी पट्टी पीळ देऊन बांधा म्हणजे वाऱ्याने फडफडते. आणि गावाने मिळून एकाच आठवड्यात पेरा, एकट्याचं मागं-पुढं झालेलं रान पूर्ण साफ होतं.

बोर-द्राक्षवाल्यांनो, जाळी लावायची तर पांढरी, जाड धाग्याची आणि ताणून लावा. तो बारीक नायलॉनचा धागा रात्री दिसत नाही. मागच्या थंडीत शेजारच्या बोराच्या बागेत गव्हाणी घुबड अडकलं होतं, बदामी तोंडाचं, रात्रभर धडपडून पंखाचं हाड उघडं पडलेलं, आम्ही कात्रीने सोडवलं पण दुपारपर्यंत गेलं. तो एक पक्षी वर्षभर आपलेच उंदीर खात होता. संक्रांतीला नायलॉन मांजाचं पण तेच, २०१७ पासून हरित लवादाची बंदी आहे तरी बाभळीला गुंडे लटकलेले असतात, दिसला की काडीला गुंडाळून काढून आणा.

बांधाचं गवत आत्ता पेटवू नका. थंडीत बाहेरदेशातनं आलेले भोवत्या, म्हणजे घारीसारखे शिकारी पक्षी, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात आणि दिवसभर नाकतोडे खातात. वठलेली बाभूळ असेल तर ती पण उभी राहू द्या, ढोलीत पिंगळा असतो.

शाळूतनं काढलेले थांबे फेकू नका, गव्हात नेऊन रोवा. रात्री त्यावर घुबड बसतं, उंदराच्या बिळांजवळ पाच-सहा काठ्या बास झाल्या, आणि त्या शिवारात झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवू नका, विषारी उंदीर खाल्ला तर घुबडाला पण बाधू शकतं.