बारा बोअरच्या दुनळीची सफाई

आधी बंदूक बिजागरीवर वाकवून उघडा आणि दोन्ही चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामे आहेत ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा.

बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, सुमारे 18.5 मिमीचा असतो, म्हणून 12 बोअरचाच फॉस्फर ब्राँझचा ब्रश घ्या. सॉल्व्हंट (मळ विरघळवणारे द्रव) लावून 10 मिनिटे थांबा, मग ब्रश चेंबरकडून तोंडाकडे आठ-दहा वेळा आरपार न्या. नळीच्या मध्येच दिशा बदलली की ब्रशचे केस वाकतात. चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिसे आणि वॅडचे (काडतुसात दारू आणि छऱ्यांमध्ये असलेल्या बुचाचे) प्लास्टिक चिकटते. खरी मेहनत तिथेच लागते. शेवटी कोरडी चिंधी, मग तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेल ओघळून दस्त्याचे लाकूड कुजवते.

पावसाळ्यात बंदूक कातडी म्यानात कधीच ठेवू नका, ओल धरून गंज चढतो. बार काढण्यापूर्वी नळीतून उजेड पाहा: अडकलेल्या चिंधीनेही नळी फुगते. पोचा किंवा फुगवटा दिसला तर परवानाधारक कारागीरच गाठा. नळी कापून आखूड करणे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 नुसार त्यासाठीच्या परवान्याशिवाय गुन्हा आहे.