जतच्या सीमेवर विद्यापीठाचा प्रकल्प नेताय? या चुका टाळा

सकाळी सांगलीहून गाडी काढायची, जिल्ह्याच्या टोकाला कर्नाटकच्या सीमेलगतच्या जतला नाष्टा, दुपारी फ्लेक्सपुढं फोटो, रात्री घरी. असले 'सीमाभाग विकास' प्रकल्प बरीच वर्षं बघतोय. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती भाषा. जतच्या पूर्व भागात, उमदी-संखकडं, घरोघरी कानडी. आमची एक टीम मराठी प्रश्नावली घेऊन गेली. एका पोराला कानडी येत होती, म्हणजे तसं तो सांगायचा. 'मेंढरं आहेत का?' म्हातारी म्हणायची, 'इल्ल.' याला ऐकू यायचं 'इल्ली'. इल्ल म्हणजे नाही, इल्ली म्हणजे इथं. पठ्ठ्यानं घरामागून घर 'होय' लिहिलं. त्यावर माडग्याळी, म्हणजे इथल्याच जातीच्या मेंढ्या पाळायचा प्रस्ताव झाला, रंगीत तक्ते झाले. सादरीकरणाला आलेल्या सरपंचांनी शांतपणे विचारलं, 'सर, एवढी मेंढरं आमच्यात कधी आली?'

तेव्हापासून पहिल्या दोन फेऱ्यांत मी वही पिशवीतून काढतच नाही. तिथल्या कन्नड शाळेतल्या गुरुजींना सोबत घेतो आणि त्यांना मानधन देतो. चहावर काम उरकून घेणाऱ्यांचा मला राग आहे.

दुसरी चूक वेळापत्रकाची. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. शेडवर जाळ्या भरलेल्या, द्राक्षं वाळवण्याआधी द्रावणात बुडवायचं डिपिंग चाललेलं, अवकाळीच्या धास्तीनं मालक आभाळाकडं बघतोय. नेमक्या त्याच वेळी आमच्या परीक्षा! मग जुलैत पोरं 'मूल्यवर्धन' शिकवायला रिकाम्या शेडवर जातात. प्राध्यापक म्हणतात, ऑनलाइन घेऊ. घ्या. मी विद्यार्थ्यांचे दोन-दोन दिवसांचे गट पाडतो आणि मार्चमध्येच पाठवतो. अंतर्गत गुण त्यावरच.

फक्त कोल्हापूरशी करार करून थांबू नका. १९६२ सालचं शिवाजी विद्यापीठ आपलं खरं, पण उमदीकराला कर्नाटकातलं विजयपूर (विजापूर) कितीतरी जवळ. तिथं महिला विद्यापीठ आहे, बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ. त्यांनाही पहिल्या बैठकीला बोलवा, उद्घाटनाला नव्हे.

सीमावाद काढू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर दावा सांगितला, तेव्हा टीव्हीवाले अस्मिता विचारत होते आणि गावं म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी मागत होती. पाण्याआधी स्टार्टअपची भाषा करणाऱ्याला तिथं पाहुणा म्हणून जेवू घालतात, एवढंच.

सहा महिन्यांत 'इम्पॅक्ट' मागणाऱ्या नवख्यांना मी डाळिंबाची रोपं लावायला सांगतो.

आणि गाडीच्या डिझेलचे पैसे कुठल्या खात्यातून येणार, ते करारावर सह्या व्हायच्या आधी विचारा. नंतर फोन उचलत नाहीत.