शोधनिबंध पहिल्या पानापासून वाचू नका

शोधनिबंध हातात आला की शीर्षक बघा, साल बघा, आणि सरळ मधल्या भागात शिरा, जिथे 'आम्ही प्रयोग कसा केला' ते लिहिलेलं असतं. हा भाग रटाळ असतो, बऱ्याचदा बारीक टायपात असतो, आणि खरा माल तिथेच असतो. सारांश सगळ्यात शेवटी. सारांश म्हणजे स्थळासाठी काढलेला फोटो. खोटा नसतो, पण उजेड कुठून घ्यायचा ते ठरवून काढलेला असतो.

मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत तेल तपासलं. शिक्षण रसायनशास्त्राचं, इथल्याच सयाजीराव विद्यापीठातलं. पण ट्रान्सफॉर्मर काही कुणाची पदवी बघून बिघडत नाही. तेलात वायू का जमले हे रसायन, आतला कागद ठिसूळ का झाला हे पॉलिमर, ठिणगी कुठे पडली हे विद्युत, आणि दोन आकड्यांतला फरक खरा की योगायोग हे संख्याशास्त्र. सगळीकडचे पेपर वाचावे लागत. आता घरी बसल्यावर दांडिया बाजारातली मंडळी हळदीचे, गुडघ्यांचे, साखरेचे पेपर मोबाइलवर धाडतात आणि विचारतात, "ताई, हे खरं का हो?" विषय बदलला तरी वाचायची रीत बदलत नाही.

आधी 'छापून आलंय' या शिक्क्याचं बघू. आमच्या लॅबमधला एक सहकारी कुठलाही पेपर टेबलावर आपटून म्हणायचा, "बेन, आ तो जर्नलमां छपायेलुं छे!" ताई, हे तर जर्नलमध्ये छापलंय, म्हणजे विषय संपला. तसा तो संपत नाही. संपादक त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे हस्तलिखित पाठवतो. ते बहुतेक वेळा बिनपैशाने, आपली कामं सांभाळून वाचतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात. प्रयोग पुन्हा करून कोणी बघत नाही. लेखकाने जे लिहिलं त्यावरच त्यांचा निवाडा. आणि ही पद्धत सगळीकडे फार जुनी आहे असंही नाही. 'नेचर'ने प्रत्येक पेपर बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवायचा नियम 1973 साली केला. 1936 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'ने आइन्स्टाइन आणि रोझेन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर परीक्षकाकडे पाठवला, तर आइन्स्टाइन रागावले आणि पेपर परत घेतला. त्यात अशा लहरी नसतातच असा निष्कर्ष होता. परीक्षकाने दाखवलेली चूक बरोबर होती, आणि पुढच्या वर्षी तो पेपर दुसऱ्या नियतकालिकात उलट्या निष्कर्षासह छापून आला. परीक्षण उपयोगी आहे यात वादच नाही. पण त्याच 'नेचर'मध्ये खोलीच्या तापमानाला अतिवाहकता, म्हणजे वीज अजिबात अडथळ्याविना वाहणं, सापडल्याचा 2020 सालचा पेपर 2022 मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याच गटाचा 2023 चा दुसरा पेपर त्याच वर्षी. म्हणून शिक्का बघून दार उघडा, पण माणूस घरात घ्यायचा की नाही ते चौकशी करून ठरवा.

चौकशीला दोन मिनिटं पुरतात. आजकालच्या बहुतेक बऱ्या पेपरांवर डीओआय नावाचा क्रमांक असतो, 10 ने सुरू होणारा. तो शोधून पेपरच्या मूळ पानावर जा. पेपर मागे घेतला असेल तर बहुधा वरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ जुनी, तिच्यावर काही नसतं. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'चा साठाही फुकट बघता येतो. हा सोपस्कार कुणाला जास्तीचा वाटेल, पण 2023 या एका वर्षात 'हिंदावी' या एकाच प्रकाशनाचे आठ हजारांवर पेपर मागे घेतले गेले. डीओआय आहे म्हणून पेपर तपासलेला आहे, असंही समजू नका. 'अर्काइव्ह'सारख्या ठिकाणी लेखक परीक्षणाआधीच मसुदा ठेवतात, त्यालाही क्रमांक मिळतो. त्यात गैर काही नाही, फक्त आपण काय वाचतोय ते ठाऊक असावं. 2023 च्या जुलैत एलके-99 या पदार्थाचा, तोही खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा, गाजावाजा झाला तो अशाच मसुद्यावरून, आणि ऑगस्ट संपेपर्यंत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तो दावा निकाली काढला.

आता मधला भाग. इथे मी माझ्याच तेलाचं उदाहरण घेते, कारण ते मला झोपेतही सांगता येईल.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात अतिसूक्ष्म कण, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचा ऑक्साइड, मिसळले तर तेल जास्त व्होल्टेज सोसतं, असा दावा करणारे पेपर ढिगाने आहेत. समजा त्यातला एक हातात आला आणि सारांश म्हणतो की सहनक्षमता बरीच वाढली. ही सहनक्षमता मोजतात कशी? कपात तेल ओततात, त्यात दोन इलेक्ट्रोड समोरासमोर, मधे अडीच मिलिमीटर अंतर. व्होल्टेज सेकंदाला दोन किलोव्होल्टने चढवत न्यायचं, ठिणगी पडली की तो आकडा लिहायचा. दोन मिनिटं थांबून, तेल हलवून, पुन्हा. असे सहा आकडे आणि त्यांची सरासरी. ज्याने हे हाताने केलंय त्याला माहीत आहे की सहा आकडे कधीच सारखे येत नाहीत. त्याच कपात, त्याच तेलात एकदा 48 तर पुढच्याच वेळी 63 येऊ शकतात. म्हणजे पेपरमध्ये सरासरी 54 वरून 60 झाली असेल तर पहिला प्रश्न: असे किती संच मोजले? एकाच कपाचे सहा आकडे, की वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या नमुन्यांचे?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. या चाचणीचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. कोरडं तेल 60-70 किलोव्होल्ट सहज सोसतं, तेच ओलं झालं की निम्म्यावर येतं. श्रावणात बडोद्याच्या हवेत बाटलीचं झाकण उघडं राहिलं तरी आकडा हलतो. आता कण तेलात मिसळायचे तर ध्वनिलहरींच्या टाकीत तासन्‌तास हलवावं लागतं आणि मग निर्वात भांड्यात तापवून वाळवावं लागतं. कणवाल्या तेलावर हे सगळे संस्कार झाले. ज्या साध्या तेलाशी तुलना केली, त्यालाही तेवढाच वेळ हलवलं, तेवढंच वाळवलं होतं का? नसेल, तर वाढ कणांमुळे झाली की वाळवल्यामुळे, हे लेखकालाही सांगता येणार नाही. दोन्ही तेलांतलं पाणी पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती, दिलंय का बघा. दिलं नसेल तर मी तो पेपर बाजूला ठेवते, परीक्षक कितीही मोठे असोत.

तिसरं म्हणजे वेळ. कण खाली बसतात. मिसळल्या दिवशी मोजलं की महिन्याने? ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षं चालावा लागतो.

कुणाशी तुलना, किती नमुने, किती काळ: या तीन गोष्टी कुठल्याही विषयाला लावा. काँक्रीटच्या पेपरमध्ये राख मिसळून मजबुती वाढली असं असेल तर घन किती फोडले, 28 दिवसांनी फोडले की सातव्या दिवशीच, आणि साध्या मिश्रणात पाणी-सिमेंटचं प्रमाण तेच ठेवलं होतं का. संगणकाला शिकवून यंत्रांतले दोष ओळखायचे पेपर आजकाल फार येतात, 99 टक्के अचूक म्हणे. शंभरातली 99 यंत्रं चांगलीच असतील तर 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणणारा ठोकळाही 99 टक्के अचूक ठरतो. शिवाय शिकवायला वापरलेल्या यंत्राचीच दुसरी रीडिंग्ज परीक्षेत घातली असतील तर तो पेपर फुटलेला.

लवकर म्हातारं करण्याचे प्रयोग हा माझा खास डोळा ठेवायचा विषय. ट्रान्सफॉर्मरमधला कागद नैसर्गिकरीत्या जुना व्हायला दशकं लागतात, म्हणून प्रयोगशाळेत तो तेलात बुडवून 130-150 अंशांवर काही आठवडे ठेवतात. नव्या कागदाच्या रेणुसाखळीची लांबी हजार-बाराशे कड्यांच्या आसपास, ती दोनशेवर आली की कागद संपला असं धरतात. मग तापमानाच्या सूत्राने हिशेब करून सांगतात की 98 अंशांवर हा इतकी वर्षं टिकेल. सूत्र चांगलं आहे, रोज वापरतो. पण 150 ला ज्या प्रक्रिया चालतात त्या 98 ला त्याच प्रमाणात चालतात असं नाही. मोजलेल्या टोकापासून सांगितलेलं टोक किती लांब, ते आलेखावर बोटाने मोजा. शेवटचा ठिपका आणि रेषेचं टोक यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा, तेवढा अंदाज.

आलेख आलाच आहे तर: उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा, आणि ठिपक्यांवरच्या त्या छोट्या उभ्या रेघा कशाच्या आहेत ते खालच्या ओळीत वाचा. प्रमाण विचलन असेल तर मोजमापांचा खरा पसारा दिसतो. प्रमाण त्रुटी असेल तर तीच रेघ नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलेली असते, म्हणजे नऊ नमुने असतील तर एक तृतीयांश. सुबक दिसते. काहीच लिहिलं नसेल तर सुबकपणावर भाळू नका.

औषधांच्या बाबतीत मी डॉक्टर नाही आणि गोळ्या बदलायच्या त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच. पण शेजारच्या काकांना गुडघ्याचा पेपर वाचून दाखवताना मी एवढं बघते: प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? दुसऱ्या गटाला काय दिलं? धोका 'निम्म्यावर आला' म्हणजे हजारात दोनचा एक झाला, की हजारात दोनशेचा शंभर? भारतात केलेली चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक असायला हवा. तो टाकला की चाचणी सुरू होण्याआधी काय मोजायचं ठरलं होतं ते फुकट दिसतं. ठरलं होतं दुखणं मोजायचं आणि पेपरात मिरवलंय रक्तातलं काहीतरी भलतंच, असं दिसलं तर काकांना सांगून टाकते की थांबा. आणि शेवटच्या पानावर पैसे कुणी दिले ते वाचल्याशिवाय पान मिटू नका.

पेपर मिळवायचा कसा, हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. ओळखीचा विद्यार्थी असेल तर त्याला गाठा. 2025 पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. ती सगळी व्यवस्था आपल्या शेजारच्या गांधीनगरहून, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेतून चालते. त्याच इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा', म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचा साठा, मात्र कुणालाही उघडं आहे, आणि माझी आवडती युक्ती तिथलीच आहे. भारतीय लेखकाचा पेपर असेल तर त्याचा पीएच.डी.चा प्रबंध शोधा. पेपरमध्ये जागा नसते म्हणून एक देखणा तक्ता येतो. प्रबंधात पुष्कळदा सगळे तक्ते असतात, फसलेल्या नमुन्यांसकट. पाण्याचे पीपीएम मला कित्येकदा तिथे सापडलेत.

संदर्भांची यादी पूर्ण वाचत बसू नका. ज्या एका वाक्यावर पेपर उभा आहे, त्याच्या मागचा एकच संदर्भ उघडा. मूळ लेखकाने 'असं असू शकेल' म्हटलेलं असतं आणि पुढचा 'असं सिद्ध झालं आहे' म्हणून पुढे ढकलतो. तिसऱ्या पेपरपर्यंत त्याचा नियम होतो.

'आदरणीय महोदया, आपला बहुमोल लेख आठवड्यात छापू' असं पत्र पाठवणाऱ्या नियतकालिकांवर मी शब्द खर्च करत नाही. 2013 मध्ये 'सायन्स'च्या एका पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला पेपर 304 नियतकालिकांना पाठवला होता, त्यातल्या 157 नी तो घेतला. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही 2025 मध्ये बंद झाली. तेव्हा यादीत नाव आहे का विचारू नका, संपादक मंडळातले लोक खरोखर त्या संस्थेत आहेत का ते संस्थेच्या पानावर जाऊन बघा.

एवढं करूनही शंका उरली तर लेखकाला लिहा. पहिल्या पानावर ज्याच्या नावाशी पत्रव्यवहाराची खूण असते त्याला. आपण कोण ते एका ओळीत, पेपरचं नाव, आणि एकच प्रश्न: तक्ता दोनमधल्या साध्या तेलात पाणी किती होतं? चुका काढल्याचा सूर नको, पाच प्रश्नही नकोत. पेपरची प्रत हवी असेल तर तीही याच पत्रात मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. पीएच.डी.ची मुलं सगळ्यात लवकर उत्तर देतात, मोजमाप त्यांनीच केलेलं असतं. म्हणून पहिल्या लेखकाचा पत्ता मिळाला तर त्यालाही पत्राची प्रत पाठवा. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर एकदा आठवण द्या, पुन्हा नाही.