हायड्रेंजियाचा बहर ओसरला? कात्री उचलण्याआधी हे वाचा

हायड्रेंजिया या फुलझाडाचे गुच्छ कोमेजू लागले की छाटणीसाठी हात शिवशिवतात. झाड ठेंगणे असले तर जास्तच, कारण त्याला गोल गरगरीत आकार द्यावासा वाटतो. पण ‘झाड हिरवेगार आहे, फूल मात्र एकही नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा चुकीच्या वेळी चाललेल्या कात्रीत सापडते.

आधी आपले झाड कोणते ते ओळखा. रुंद, चकचकीत पाने आणि निळे किंवा गुलाबी गुच्छ असतील तर ते बहुधा मॅक्रोफिला या जातीचे. ‘पिया’ हा त्यातलाच बुटका वाण. दिवस लहान होऊन हवा गार होऊ लागली की या झाडाच्या पुढच्या बहराच्या कळ्या यंदाच्याच फांद्यांच्या शेंड्यांत धरतात आणि थंडीभर तिथेच राहतात. म्हणून थंडीत किंवा थंडी सरताना शेंडे छाटले की फुलेच छाटली जातात. फुले ओसरताच सुकलेला गुच्छ खालच्या पहिल्या जोमदार डोळ्यांच्या (फांदीवरच्या कोंबांच्या) जोडीवर कापा, मेलेल्या काड्या बुडातून काढा आणि थांबा. कडक थंडीच्या भागात सुके गुच्छ थंडी सरेपर्यंत झाडावरच राहू द्या, खालच्या कळ्यांना तेवढाच आडोसा.

निमुळते, शंकूसारखे तुरे येणारा पॅनिक्युलाटा (‘बोबो’, ‘लिटल लाइम’) आणि आर्बोरेसन्स या जातींचे गणित उलटे आहे. ते नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे थंडी सरताना, डोळे फुगण्याआधी तिसरा हिस्सा छाटला तरी चालतो. ‘बोबो’ तर मुळातच तीन फुटांच्या आसपास थांबतो. जागेच्या मापाचा वाण निवडला की कात्रीचे निम्मे काम संपते. ‘एंडलेस समर’सारखे वाण जुन्या आणि नव्या दोन्ही फांद्यांवर फुलतात, त्यांना मॅक्रोफिलासारखेच वागवा. वाणच माहीत नसेल तर एक बहर कात्री न लावता फुले कोणत्या काडीवर येतात ते पाहा.

जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारच्या सावलीची हवी. मुळे उथळ आणि पाने मोठी, त्यामुळे भर दुपारी पाने लोंबतात. तेव्हा लगेच नळी हातात घेऊ नका. संध्याकाळी पाने आपोआप ताठ झाली तर मातीत ओल आहे. सकाळीही मान टाकलेली असेल आणि बोटभर खोल माती कोरडी लागली, तर बुडाशी भरपूर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर निचरा तपासा. पानांवर पाणी मारत राहिल्यास ठिपके पडतात. बुडाभोवती पालापाचोळ्याचे दोन-तीन इंच आच्छादन करा, पण ते खोडाला टेकवू नका.

रंगाचा खेळ मुख्यतः मॅक्रोफिलातच जमतो, पांढरी फुले निळी होत नाहीत. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ च्या खाली असेल तर मुळांना ॲल्युमिनियम मिळते आणि फुले निळी येतात. ६.५ च्या वर गेला की गुलाबी. स्फुरद (फॉस्फरस) जास्त झाले तरी ॲल्युमिनियम अडकून पडते, म्हणून निळ्यासाठी स्फुरद कमी असलेले खत निवडा. ॲल्युमिनियम सल्फेट द्यायचे तर आधी माती भिजवून, पाण्यात विरघळवून आणि पाकिटावरच्या मात्रेतच द्या. घाई केली तर मुळे जळतात. कुंडीत हे सोपे, जमिनीत वेळखाऊ. चुनखडीचे जड पाणी असेल तर केलेली मेहनत हळूहळू पुसली जाते. खरे तर अशा ठिकाणी गुलाबी फुलांवर समाधान मानलेले बरे.

खतात हात आखडताच ठेवा. नत्र (नायट्रोजन) वाढले की नुसता पाला माजतो. बहर संपत आल्यावर नत्र थांबवा, नाहीतर कोवळी फूट थंडीत सापडते.

रोपे वाढवायची असतील तर वाढीच्या दिवसांत फूल न आलेली कोवळी काडी चार ते सहा इंच घ्या. खालची पाने काढा, वरची मोठी पाने निम्मी कापा आणि ओलसर, भुसभुशीत माध्यमात सावलीत लावा.

छाटलेला पाला गोठ्याकडे नेऊ नका. तो जनावरांना विषारी आहे.